प्राण्याला सोबत न्यायचं की मागे ठेवायचं? प्रवास आणि बोर्डिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की बोर्डिंग, म्हणजे मालक नसताना प्राणी ठेवून घेणारी जागा, चालवणाऱ्यांचा फोन थांबत नाही. प्रश्न साधारण तेच असतात आणि बहुतेकदा निघायला चार दिवस उरलेले असताना येतात. म्हणून ते सगळे इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. कुत्री आणि मांजरांबद्दल जास्त आहे, कारण माझा रोजचा संबंध त्यांच्याशी. ससे, पक्षी, मासे यांच्यासाठी शेवटाकडे पाहा.

सोबत न्यावं की ठेवून जावं, हे ठरवायचं कसं?

तुमच्या सहलीतला एक दिवस प्राण्याच्या बाजूने डोळ्यांसमोर आणा. सकाळी तुम्ही बाहेर पडणार, रात्री परतणार आणि तो अनोळखी खोलीत बंद राहणार असेल, तर त्याला नेण्यात त्याचा काहीच फायदा नाही. दिवसभर तो तुमच्या आसपास असणार असेल, राहण्याची जागा प्राण्यांना चालणारी असेल आणि गाडीत तो शांत बसत असेल, तर जरूर न्या.

मांजराचं गणित वेगळं. कुत्रा माणसांना धरून असतो, मांजर जागेला. अपवाद असतात, गळ्यात पट्टा घालून डोंगर चढणारी मांजरंही आहेत, पण तुमचं मांजर त्यातलं असतं तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता. मांजराला शक्यतो घरीच ठेवा आणि माणूस घरी बोलवा. बोर्डिंग चालवणारीने हे सांगावं याचं लोकांना नवल वाटतं.

फार म्हातारे, नुकतंच ऑपरेशन झालेले, फिट येणारे किंवा हृदयाचा त्रास असलेले प्राणी यांच्याबाबतीत निर्णय तुम्ही किंवा मी घ्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं.

तयारीला किती आधी लागायचं?

देशातल्या देशात गाडीने जायचं असेल तर महिनाभर पुरतो. बोर्डिंगमध्ये ठेवायचं असेल तर लशींचं कार्ड आजच काढून बघा, कारण एखादा डोस राहिला असेल तर तो आदल्या दिवशी देऊन उपयोग नसतो. शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात. परदेशी जायचं असेल तर सहा-सात महिने हाताशी ठेवा. तो आकडा ऐकून लोक हसतात, पण खाली वाचा, पटेल.

क्रेटमध्ये जायलाच तयार नाही. काय करू?

प्रवासात जे बिघडतं त्यातलं बरंचसं एकाच गोष्टीमुळे: प्राणी त्या दिवशी सगळंच पहिल्यांदा बघत असतो. क्रेट पहिल्यांदा, गाडी पहिल्यांदा, अनोळखी माणूस पहिल्यांदा. यातलं प्रत्येक वेगवेगळं आणि आधी दाखवता येतं.

क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, किंवा मांजराची बास्केट माळ्यावरून काढा आणि बैठकीच्या खोलीत ठेवून द्या. दार उघडं. शक्य असेल तर दार काढूनच ठेवा, म्हणजे धक्का लागून ते आपटणार नाही. आत तो रोज झोपतो ती चादर घाला. काही दिवस त्याकडे बघायचंही नाही, बोलवायचं नाही, ढकलायचं तर अजिबात नाही. मग जेवणाचं भांडं दाराजवळ, नंतर उंबऱ्यावर, नंतर अगदी आत. तो निवांत आत जाऊन खाऊ लागला की दार क्षणभर लावा आणि त्याने तक्रार करायच्या आत उघडा. वेळ हळूहळू वाढवा. आत झोपलेला सापडला की समजा काम झालं. त्यानंतर क्रेट उचलून घरभर एक फेरी, मग बंद गाडीत, मग चालू गाडीत, मग छोटा फेरफटका.

यात दोन गोष्टी बहुतेक जण चुकवतात. पहिली, बास्केट फक्त डॉक्टरकडे जाताना निघते, त्यामुळे मांजराच्या लेखी ती बास्केट म्हणजेच सुई. दुसरी, तो आत रडायला लागला की लगेच दार उघडलं जातं आणि रडलं की दार उघडतं हे तो शिकतो. रडणं थांबल्याच्या क्षणी उघडा. मात्र तो जीव तोडून धडपडत असेल, तोंडाला फेस आला असेल, दात जाळीवर घासत असेल, तर वाट बघत बसू नका. तुम्ही फार घाई केली आहे, दोन पायऱ्या मागे या.

मांजरासाठी वरूनही उघडणारी बास्केट घ्या. घाबरलेल्या मांजराला समोरच्या दारातून ओढून काढण्यापेक्षा वरचं झाकण काढणं दोघांनाही सोपं जातं.

क्रेट केवढा हवा?

आत उभं राहिल्यावर कान छताला लागू नयेत, अडखळल्याशिवाय गोल फिरता यावं, पाय पसरून झोपता यावं. विमानासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची प्राणी वाहतुकीची नियमावली आहे आणि तिचा गाभा हाच आहे. गाडीसाठी मात्र खूप मोठा क्रेट घेऊ नका, ब्रेक लागला की प्राणी आतल्या आत आपटतो.

गाडीत बसलं की उलटी होते.

पिल्लांमध्ये हे फार दिसतं. कानातला तोल सांभाळणारा भाग अजून पक्का झालेला नसतो, वय वाढलं की बऱ्याच जणांचं आपोआप थांबतं. मोठ्या कुत्र्यांमध्ये बऱ्याचदा मळमळीपेक्षा भीतीचा भाग जास्त असतो. फरक ओळखायचा तर गाडी सुरू व्हायच्या आधीच लाळ गळायला लागते का ते बघा. लागत असेल तर ती भीती, आणि तिच्यावर इलाज वर सांगितलेली सवय.

निघण्याआधी तीन-चार तास जेवण देऊ नका, पाणी थोडं थोडं चालेल. तोंड पुढच्या दिशेला राहील असं बसवा, हवा खेळती ठेवा आणि गाडीतला सुगंध फेकून द्या, माणसाला सौम्य वाटणारा वास कुत्र्याच्या नाकाला असह्य असतो. तरीही त्रास होत असेल तर डॉक्टर मॅरोपिटंट नावाचं औषध देतात. ते प्रवासाच्या किमान दोन तास आधी द्यावं लागतं, गाडीत बसल्यावर नाही.

आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून देऊ नका, कुठलीच. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

खिडकीतून डोकं बाहेर काढायला त्याला फार आवडतं. काढू द्यावं का?

नाही. डोळ्यात कचरा जातो, खडा लागतो आणि एखादं मांजर दिसलं की काही कुत्री उडी मारतात. मागच्या सीटवर हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) जोडणारा बेल्ट किंवा बांधून ठेवलेला क्रेट. बेल्ट गळ्यातल्या पट्ट्याला कधीच अडकवू नका, धक्का बसला की सगळा जोर मानेवर येतो. पुढच्या सीटवरही बसवू नका, तिथे एअरबॅग असते.

दर दोन-तीन तासांनी थांबा. आणि दार उघडायच्या आधी, आधी म्हणजे आधीच, साखळी हातात घट्ट धरा. कुत्रे हरवतात ते बहुतेक याच घडीला: गाडी थांबलेली, चालक पाय मोकळे करायला उतरलेला, मागचं दार कोणीतरी सहज उघडलेलं.

पाच मिनिटांसाठी गाडीत ठेवलं, काच थोडी खाली केली, तर?

बाहेर २१ अंश असताना, म्हणजे आपल्याला सुखद वाटणाऱ्या हवेत, उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान १० मिनिटांत ३२ च्या आसपास आणि अर्ध्या तासात ४० अंशांपर्यंत जातं. काच दोन बोटं खाली केल्याने त्यात नावापुरता फरक पडतो. बाहेरच ऊन कडक असेल तर हिशेब आणखी लवकर संपतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांतून, तोही नगण्य. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो आणि आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर धापा टाकून काही होत नाही.

कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की अवयवांना इजा व्हायला लागते. जोरजोरात धापा, घट्ट चिकट लाळ, लालभडक किंवा निळसर हिरड्या, लटपटणं, उलटी, ही उष्माघाताची लक्षणं. लगेच सावलीत न्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि मग डॉक्टरकडे पळा. आधी गार करायचं, नंतर हलवायचं. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आतच कोंडतो.

विमानात केबिनमध्ये नेता येतं का?

काही कंपन्या लहान प्राण्यांना सीटखाली मावणाऱ्या बॅगेत नेऊ देतात, काही देत नाहीत. वजनाची मर्यादा, बॅगेची मापं, कोणत्या जाती चालतात, सगळं कंपनीगणिक बदलतं. एक गोष्ट सगळीकडे सारखी: एका विमानात किती प्राणी घ्यायचे यावर मर्यादा असते. म्हणून आधी फोन करून प्राण्याची जागा पक्की करा, मग स्वतःचं तिकीट काढा. उलटं करणारे नंतर रडकुंडीला येतात.

मोठे प्राणी विमानाच्या पोटात जातात. तिथे हवेचा दाब केबिनसारखाच असतो आणि प्राण्यांच्या कप्प्यात तापमानही राखलं जातं. धोका जास्त असतो तो जमिनीवर, उन्हात किंवा थंडीत ट्रॉलीवर ताटकळताना. त्यामुळे थेट विमान घ्या, उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं. क्रेटचे दोन भाग क्लिपांऐवजी नट-बोल्टने जोडा. पाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं हवं आणि बाहेरून भरता यायला हवं. आदल्या रात्री त्यात पाणी भरून गोठवलंत तर क्रेट चढवताना सांडत नाही, नंतर हळूहळू वितळतं आणि त्याला चाटता येतं.

चपट्या नाकाच्या जाती, म्हणजे पग, बुलडॉग, बॉक्सर, पर्शियन मांजर, यांना विमानाच्या पोटात घालू नका असंच मी सांगेन. त्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते, भीती आणि उकाड्यात ती पुरी पडत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१० साली जी आकडेवारी जाहीर केली, तिच्यात विमानप्रवासात दगावलेल्या जातिवंत कुत्र्यांपैकी सुमारे निम्मे अशा चपट्या नाकाचे होते. अनेक कंपन्या त्यांना घेतच नाहीत आणि ते योग्यच आहे.

शांत राहावा म्हणून गुंगीचं औषध द्यावं का?

विमानात नको. गुंगीत रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, क्रेट तिरका झाला तर तोल सावरता येत नाही आणि तिथे त्याच्याकडे बघायला कोणी नसतं. गुंगी दिलेला प्राणी बऱ्याच विमान कंपन्या नाकारतात. शिवाय पूर्वी सर्रास दिलं जाणारं एसप्रोमाझिन शरीर ढिलं करतं, भीती कमी करत नाही. बाहेरून शांत दिसणारं जनावर आतून तितकंच घाबरलेलं असतं.

गाडीने जाणाऱ्या मांजरांसाठी डॉक्टर कधी कधी गॅबापेंटिन देतात, त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र पहिला डोस घरी, निवांत दिवशी देऊन बघा. कोणाला किती चढतं ते आधी कळलेलं बरं.

परदेशी न्यायचं आहे. कागदपत्रं कोणती?

प्रत्येक देशाचा नियम वेगळा आणि तो बदलतो, म्हणून ज्या देशात जायचं त्याच्या सरकारी संकेतस्थळावरची यादी हीच खरी. क्रम मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि घोळ याच क्रमात होतो.

आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची बारीक चिप. १५ आकडी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांत बसणारी. त्यानंतर रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस युरोपीय संघासह अनेक ठिकाणी धरलीच जात नाही, कारण ती नक्की याच प्राण्याला दिली याचा पुरावा नसतो. लस द्यायला पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. बूस्टरची तारीख एका दिवसानेही चुकली तर ती पुन्हा पहिली लस समजतात आणि मोजणी नव्याने सुरू होते.

ज्या देशांत रेबीजचा धोका जास्त मानला जातो तिथून निघणाऱ्यांना रक्ताची तपासणीही लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं. युरोपीय संघासाठी हे रक्त लशीनंतर किमान ३० दिवसांनी घ्यायचं आणि घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. जपानमध्ये हीच वाट १८० दिवसांची आहे. सहा-सात महिने हाताशी ठेवा म्हटलं ते यामुळे. ऑस्ट्रेलिया त्याच्यावर विलगीकरणही लावतं, किमान १० दिवस.

ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे इथे जाणाऱ्या कुत्र्यांना पट्टकृमींचं औषध डॉक्टरांनीच, पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी द्यावं लागतं. तास मोजले जातात, दिवस नव्हे. विमान पुढे गेलं तर हा हिशेब पुन्हा करा.

आणि परतीचे नियम आजच वाचा. जाता आलं पण स्वतःच्याच देशात परत आणता येईना, असं होतं.

पोपट न्यायचा आहे.

बजरिगार, कॉकटील अशा मोजक्या जाती सोडल्या तर जगातले जवळजवळ सगळे पोपट साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात, म्हणजे सीमा ओलांडायला परवाना लागू शकतो. थोड्या दिवसांच्या सहलीसाठी हा खटाटोप करू नका. ओळखीच्या माणसाकडे ठेवा.

चार दिवस जातोय. मांजराला भरपूर खाणं-पाणी ठेवून एकटं ठेवलं तर?

एक रात्र, फार तर. त्यापुढे रोज कोणीतरी यायलाच हवं, स्वयंचलित भांडं कितीही भारी असलं तरी. भांडं खाणं वाढतं, ते खाल्लं गेलं का हे बघत नाही. मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. बोका लिटरमध्ये (शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये) बसून जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, हे तर काही तासांचं प्रकरण आहे. मार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

येणाऱ्या माणसाला "लक्ष ठेव" एवढं सांगून भागत नाही. नेमकं सांगा. लिटरमध्ये ओल्या मातीचे गोळे रोज किती होतात ते मोजायचे. पाण्याची पातळी बघायची. मांजर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, पलंगाखाली असेल तर टॉर्च मारून, नुसतं ताट रिकामं दिसलं म्हणून जायचं नाही. कपाटं आणि वॉशिंग मशीन बंद करण्याआधी आत डोकावायचं. त्याला रोज कुठे लपायला आवडतं त्या जागांची यादी द्या. घरात कोणी फुलं आणून ठेवणार असेल तर लिली नको, तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी जाते.

जायच्या आधी त्या माणसाला एक-दोनदा घरी बोलवा आणि तुमच्यासमोर जेवण द्यायला सांगा. किल्ली चालते का, हेही तेव्हाच बघा.

चांगलं बोर्डिंग ओळखायचं कसं?

जाऊन बघा. फोटोंवर विश्वास ठेवू नका, गवत कुणाचंही हिरवं दिसतं. पुढची खोली, सोफा, भिंतीवरची चित्रं यांच्याकडे दुर्लक्ष करा आणि प्राणी जिथे झोपतात ती जागा दाखवा म्हणा. "आत्ता नको, ते बिथरतात" असं उत्तर आलं तर दाखवण्याची ठरलेली वेळ मागा. तीही मिळाली नाही तर आल्या पावली परता.

आत गेल्यावर मी काय बघेन ते सांगते. पाण्याच्या भांड्यात बोट फिरवा, तळाला बुळबुळीत लागतं का? लागत असेल तर ते भांडं धुतलं जात नाही, नुसतं भरलं जातं. फिनाईलचा भपकाराही घाणीइतकाच वाईट, फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात. फाटकं दोन हवीत, एक उघडं असताना दुसरं बंद. दाराच्या कड्या कुत्र्याच्या नाकाला लागणार नाहीत अशा उंचीवर किंवा कुलूप घालून. मांजरांची खोली अशी, की तिथे कुत्री दिसणारही नाहीत आणि भुंकणं फारसं ऐकू येणार नाही. आणि तिथल्या माणसांजवळ कुत्री कशी येतात ते बघा. शेपूट हलवत अंगाशी येतात, की बाजूला सरकतात?

मग विचारा: रात्री जागेवर माणूस असतो का? कुत्री एकत्र सोडता तेव्हा लक्ष द्यायला कोण, आणि मापाप्रमाणे वेगळी करता का? जेवताना वेगळी करता का? आजारी पडला तर कोणत्या डॉक्टरकडे? ज्या ठिकाणी तुम्हाला लशींचं कार्ड मागितलं जात नाही तिथे ठेवू नका. तुमच्याकडे मागितलं नाही, म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्याकडेही मागितलेलं नाही.

बोर्डिंग बरं की पेट सिटर?

माणसाळलेला, इतर कुत्र्यांत रमणारा तरुण कुत्रा बोर्डिंगमध्ये मजेत राहतो. घाबरट, म्हातारा, दिवसातून दोनदा इन्सुलिन लागणारा किंवा कधीच घराबाहेर न राहिलेला असेल तर घरी माणूस ठेवा. इन्सुलिन द्यायला हात बसलेला हवा, "जमेल मला" म्हणणारा नको.

बोर्डिंगसाठी कोणत्या लशी लागतात?

कुत्र्यांना रेबीज, आणि डिस्टेंपर, पार्व्हो, हेपॅटायटिस यांची एकत्रित लस. त्याशिवाय केनेल कफची. हा खोकला एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांमध्ये हवेतून झपाट्याने पसरतो. नाकात थेंब सोडून दिली जाणारी लस काही दिवसांत काम करू लागते, इंजेक्शनच्या पहिल्या वेळी मात्र दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. लस घेतलेल्यालाही सौम्य खोकला होऊ शकतो, कारण तो आणणारे जंतू आणि विषाणू अनेक आहेत. त्यासाठी बोर्डिंगवाल्याशी भांडू नका.

मांजरांना रेबीज आणि तीन रोगांची एकत्रित लस. दोघांनाही जंताचं औषध आणि पिसवा-गोचिडांचं औषध, जायच्या काही दिवस आधी.

सामानात काय द्यायचं?

त्याचं नेहमीचं खाणं, दोन दिवसांचं जास्तीचं. अचानक खाणं बदललं की जुलाब ठरलेले आणि नव्या जागेच्या ताणात ते आणखी वाढतात. औषधं मूळ पाकिटातच द्या, कागदाच्या पुडीत नको. न धुतलेली चादर किंवा तुमचा वापरलेला टीशर्ट द्या. लोक नेमकी ती चादर स्वच्छ धुऊन, इस्त्री करून आणतात आणि तिच्यातला एकच उपयोगी गुण घालवून बसतात. महागडी खेळणी नकोत.

आधी एक रात्र ठेवून बघावं का?

हो, नक्की. पहिला मुक्काम दहा दिवसांचा असू नये. एक दिवस, मग एक रात्र. पहिल्या रात्री बहुतेक कुत्री दाराकडे तोंड करून पडतात, झोप कमी, जेवण अर्धवट. घरी जाऊन दुसऱ्या वेळी आली की तीच कुत्री बोर्डिंगचं फाटक ओळखतात. तुम्ही परत येता, हे त्यांना एकदा अनुभवाने कळलेलं असतं.

सोडून जाताना निरोपाचा सोहळा नको. साखळी द्या, पाठीवर थाप मारा, निघा.

बोर्डिंगवाले सांगतात तो जेवत नाहीये. परत यावं का?

निरोगी मोठा कुत्रा पहिला दिवसभर कमी खातो किंवा खात नाही, पाणी पीत असेल तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही काहीच नाही तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. पिल्लू असेल तर इतकं थांबू नका. मांजर २४ तास उपाशी असेल तर फोन करायचा. सशाने १०-१२ तास काही खाल्लं नसेल तर ती आणीबाणी आहे, त्याचं आतडं थांबतं.

रोज व्हिडिओ कॉल करू का?

करू नका. तुमचा आवाज येतो, तुम्ही दिसत नाही, वासही नाही. बरेच कुत्रे त्यानंतर अस्वस्थ होतात. फोटो मागा.

आम्ही नसताना आजारी पडला तर?

यावर लोक सगळ्यात कमी बोलतात. एक कागद लिहून, सही करून द्या: माझ्या प्राण्यावर उपचार करायला माझी परवानगी आहे, इतक्या रकमेपर्यंत न विचारता खर्च करा, त्यापुढे मला विचारा आणि मी सापडलो नाही तर या माणसाला विचारा. तो माणूस खरोखर निर्णय घेऊ शकणारा हवा आणि त्याला आधी सांगितलेलं हवं. नेहमीच्या डॉक्टरांनाही कळवून ठेवा, बरेच दवाखाने मालकाच्या संमतीशिवाय शस्त्रक्रिया करत नाहीत. प्राणी खूप म्हातारा असेल तर अवघड प्रश्नाचं उत्तरही त्यातच लिहा: वाचण्याची आशा नसेल तर माझी वाट बघायची की नाही. तुम्ही विमानात असताना हा निर्णय बोर्डिंगमधल्या पोरावर टाकणं बरं नाही.

ससे, पक्षी, मासे यांचं काय?

ससा कुत्र्यांच्या वासातही धास्तावतो, त्यामुळे कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवू नका. जोडी असेल तर दोघांना एकत्रच ठेवा. वाळलेलं गवत सतत समोर हवं आणि उकाड्यापासून जपा.

पक्ष्याचा पिंजरा हलवायचा असेल तर झोके आणि लोंबती खेळणी काढा, अर्धा भाग कापडाने झाका, झोतातल्या वाऱ्यापासून दूर ठेवा. ज्याच्या घरी ठेवाल त्याला नॉनस्टिक भांडं कोरडं तापवू नको म्हणून बजावा, त्याची वाफ पक्ष्याला मारते.

प्रौढ, निरोगी मासे थोडे दिवस उपाशी सहज राहतात. शेजारी प्रेमाने मूठभर खाणं टाकतो, ते कुजतं आणि मासे पाण्यानेच मरतात. रोजचं खाणं पुड्या बांधून द्या आणि डबा लपवून ठेवा.

परत आणल्यावर तो नुसता झोपून आहे.

बोर्डिंगमध्ये गोंगाटात पुरेशी झोप होत नाही, एक-दोन दिवस भरून काढतो. आवाज बसलेला असू शकतो, भुंकून. घरी येताक्षणी घटाघटा पाणी प्यायला लागला तर थोडं थोडं द्या, जेवण नेहमीपेक्षा कमी. खोकला, रक्ताची शी किंवा दोन दिवसांपलीकडे सुस्ती असेल तर दाखवा.

दोन मांजरं आहेत. एकटीला घेऊन गेलो होतो, आता दुसरी तिच्यावर फिस्कारते.

तिला बहिणीचा वास बदललेला वाटतोय. मांजर ओळखतं ते बरंचसं वासाने, आणि परत आलेलीच्या अंगाला दवाखान्याचा किंवा परक्या घराचा वास आहे. रागावू नका, समोरासमोर धरून मैत्री करवू नका. आलेलीला वेगळ्या खोलीत ठेवा. एक मऊ फडकं एकीच्या गालावरून फिरवा, मग दुसरीच्या, दिवसातून काही वेळा. दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या. बहुतेकदा काही दिवसांत निवळतं.

प्रवासात हरवला तर?

गळ्यातल्या पट्ट्यावर जो फोन नंबर आहे तो प्रवासात चालू असतो का, हे निघण्याआधी बघा. घरच्या लँडलाइनचा काही उपयोग नाही. चिपच्या नोंदणीतला नंबरही तपासा, चिप स्वतः तुम्हाला शोधत नाही, ती फक्त एक क्रमांक सांगते. आदल्या दिवशी त्याचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, अंगावरच्या खुणा दिसतील असा.

हरवला तर गाडी सोडून सगळे धावत सुटू नका. एकाने जिथे शेवटचा दिसला तिथेच थांबायचं, त्याची चादर आणि पाणी ठेवून. घाबरलेला कुत्रा त्याच जागी परत येण्याची शक्यता असते, रात्री वर्दळ कमी झाल्यावर तर जास्तच. मांजर मात्र लांब जात नाही, जवळच्याच झुडपात, गाडीखाली, पायऱ्यांखाली गप्प दबून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. पहाटे टॉर्च घेऊन जमिनीलगत शोधा, डोळे चमकतात. दिसला तर अंगावर धावून जाऊ नका, पाठलाग करू नका. बाजूला तोंड करून खाली बसा आणि येऊ द्या. आसपासचे दवाखाने, प्राण्यांची आश्रयस्थानं आणि चिपची नोंद ठेवणारी संस्था यांना त्याच दिवशी कळवा, दुसऱ्या दिवसाची वाट न बघता.